सोळाशे सदुसष्ट

नेहेते सरांनी भागाकार दारावरच खडूनं मांडला:
पन्नास हजार भागिले तीस दिवस,
सोळाशे सहासष्ट, वर दोन तृतीयांश शब्द.
"दोन तृतीयांश शब्द म्हणजे काय हो, सर?" रुबाब तडवी.
"वाक्य अर्ध्यावर टाकून घरी जाणं," सर म्हणाले,
"म्हणून सदुसष्ट."

नोव्हेंबरची पहिली रात्र. सावदा.
झोपेंच्या केळी पिकवायच्या कोठीमागची खोली,
पाच खुर्च्या, एक किटली,
आणि भिंतीपलीकडे गारव्यात
हिरवे घड, कुणाला न सांगता रंग बदलणारे.

मी मोजणी खात्यातला.
बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बांधावर उभा राहून सांगत आलो,
इथवर तुमचं, इथून पुढं त्यांचं.
वाटलं, कादंबरी म्हणजे तरी काय,
चार खुणा रोवायच्या
आणि मधून साखळी ओढत न्यायची.

पुष्पलता फिरके मशीनवर कापड टाकून यायच्या,
बोटात अंगुस्तान तसंच.
एका बैठकीत दोन हजार. खाडाखोड नाही.
"उसवत बसलं तर गिऱ्हाईक जातं."

रुबाब लिहायचा जुन्या वेबिलांच्या पाठीवर.
त्याची बस पहिल्या पानावर यावल डेपोतून सुटली
आणि नवव्या दिवशी अजून भालोदच्या फाट्यावर.
एक म्हातारी दारात उभी. उतरत नव्हती, बसतही नव्हती.
"उतरव ना तिले!" आम्ही ओरडलो.
"कसं उतरवू? तिकीट शेवटलोक काढेल आहे तिनं."

झोपे फक्त जागेचे मालक.
चौथ्या रात्री म्हणाले, एखादी वही उरली असंल तर द्या.

तेराव्या दिवसापासून मी थापा मारू लागलो.
नायकाला एकाच प्रकरणात तीनदा जेवू घातलं,
गावातल्या सगळ्या विहिरी नावानिशी लिहिल्या,
आकडा फुगला.
झोपेंनी दोन पानं वाचली, चष्मा काढला.
"पावडरवर पिकवेल आहे, भाऊ.
वरून पिवळं. आत दात लागत नाही."

त्या रात्री घरी चालत गेलो.
मालगाडी कितीतरी वेळ फाटकावर उभी होती.
डबे मोजले. सवय.

एक दुपार होती, जिच्या कडेकडेनं
मी वीस दिवस लिहीत होतो.
तापीकाठचं एक शिवार, नाव इथंही सांगत नाही.
दोन भाऊ, एक बांध, डोक्यावर ऊन.
मी खूण दीड हात सरकू दिली.
पैसे खाल्ले नाहीत. ओळख नव्हती कुणाची.
भांडण ऐकून कान किटले होते
आणि पावणेपाचची गाडी होती मला.
ज्याचं दीड हात गेलं तो म्हणाला,
"सायेब, तुमचं बराबरच असंल,"
आणि फडकं सोडून
अर्धी कळण्याची भाकर माझ्यापुढं धरली.
मी खाल्ली.

एकोणतिसाव्या रात्री लिहून काढलं. दोनशे बारा शब्द.
सरांनी पेन्सिल टेकवत टेकवत मोजले,
भाकरीपाशी पेन्सिल जराशी थांबली,
मग वहीत आकडा टाकला.
शेरा लिहिला नाही.

तिसाव्या रात्री कोठीमागं कपाशीच्या काड्या पेटवल्या,
बामणोदची वांगी, हिरव्या मिरच्यांनी डोळे लाल.
फिरकेबाई सव्वीस तारखेलाच पार झालेल्या,
त्यांनी गठ्ठा अस्तराच्या कापडात बांधला,
लग्नसराई उभी होती दारात.
सरांचे बरोबर पन्नास हजार दहा.
("दहा हातचे.")
माझे एकतीस हजार चारशे आठ,
त्यातले थापांचे किती, मला ठाऊक.
झोपेंनी आपली वही कुणालाच दाखवली नाही.

एक डिसेंबर. आठ वाजता
पाय आपसूक त्या बोळात वळले.
खोलीत दिवा होता.
रुबाब एकटा, कानाला मफलर,
पुढ्यात कोरं वेबिल.
मान वर न करता म्हणाला,
"बसा.
म्हातारीनं आत्ताच मले विचारलं,
पुढचं गाव कोणतं."